आत्याचा डबा आणि विमानातले पोलीस

टीव्हीवर चिडायचा हक्क तसा सगळ्यांनाच आहे, पण माझ्या बायकोच्या आत्याने तो एकटीने जितका बजावला तितका उरलेल्या सगळ्या बोरिवलीने मिळूनही बजावला नसेल, असं माझं ठाम मत आहे. लोक टीव्ही लावतात तो घटकाभर डोकं बाजूला ठेवायला. आत्या टीव्ही लावायची ती भांडायला. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढल्यामुळे, समोरचा दिसत नसला तरी तो ऐकतो आणि त्याला सुनावता येतं, अशी तिची पक्की समजूत होती. बातम्या सांगणाऱ्या मुलीला ती ‘आधी श्वास घे गं बाई’ म्हणायची. पाककृतीच्या कार्यक्रमात कुणी सोलकढीत साखर घातली की ती तरातरा उठून पंखा बंद करायची. टीव्ही बंद केला तर पुढे काय गोंधळ घालतात ते कळणार कसं, आणि राग तर कशावर तरी काढायलाच हवा. त्या पंख्याखाली बहुतेक वेळा मी बसलेलो असायचो. तिचं दार आमच्या दारासमोर, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळे माझी बायको हीच तिची मुलगी आणि मी ‘जावईबापू’. हे ‘जावईबापू’ ती आदराने म्हणते आहे की दात खाऊन, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आत्याचं संध्याकाळचं फिरणं बंद पडलं, तेव्हा बायकोने तिच्या टीव्हीवर ती मालिका लावून दिली. परदेशी, हिंदीत डब केलेली. दर भागात एक माथेफिरू एकामागून एक खून करत सुटतो आणि सहा-सात देखणे अधिकारी स्वतःच्या विमानातून तिथे जाऊन तो माणूस कसा असेल ते सांगतात. कोण आहे ते नाही सांगत, कसा असेल ते सांगतात: वय काय, लग्न झालंय का, कपाट कसं लावतो, लहानपणी त्याला कोणी काय केलं. मग तंतोतंत तसाच एक इसम शेवटच्या पाच मिनिटांत सापडतो. आमच्या इमारतीत ती मालिका गोवरासारखी पसरली. पण बाकीच्यांना भीती वाटायची, उत्सुकता वाटायची, क्वचित कुणाला झोप लागायची. आत्याला पहिल्या भागापासून जो संताप आला, तो मात्र अखेरपर्यंत उतरला नाही.

दुपारचं जेवण उरकून ती एक भाग बघायची आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज यायचा. लिहिण्यावर तिचा विश्वास नव्हता, लिहिलेल्यात आवाज चढवता येत नाही म्हणून. “ऐका सगळ्यांनी! आज ते विमानवाले काय म्हणाले? खुनी पुरुष आहे, तिशी-पस्तिशीतला, हुशार आहे पण नोकरीत मनासारखं जमलेलं नाही, लग्न झालेलं नाही आणि आईजवळ राहतो. अहो, ही तर आपली अर्धी बोरिवली झाली! आता काय घराघरातून मुलगे उचलणार?” दुसऱ्या दिवशी बालपणाची पाळी. “बापाने पट्ट्याने मारलं म्हणून हा खून करतो म्हणे. आमच्या बाबांनी आम्हा पाचही भावंडांना मालवणच्या घरात पट्टा तुटेपर्यंत मारलं. एकानेही खून केला नाही. धाकटा तेवढा वकील झाला.” मग त्या अधिकाऱ्यांच्या वागणुकीवर एक स्वतंत्र मेसेज असायचा. ज्या घरात तरणीताठी पोर मेली त्या घरात ही माणसं बूट घालून शिरतात, तिच्या आईला तिच्या शत्रूंची नावं विचारतात, पण त्या माउलीने सकाळपासून घोटभर चहा तरी घेतलाय का, हे विचारायचं एकाच्याही मनात येत नाही. सगळी विद्वत्ता खुन्याच्या मनात काय चाललंय यावर. “आणि मेलेल्या मुलीच्या मनात काय होतं रे? ते कुणी बघायचं? मी?” असं म्हणून तो मेसेज संपायचा, आणि खाली ग्रुपवर एक-दोन हात जोडलेले उमटायचे.

तिचा सगळ्यात मोठा राग नीटनेटकेपणावरून होता. मालिकेत कुणाच्या चपला रांगेत दिसल्या, कपाटात हँगर एका मापाने टांगलेले दिसले, की पार्श्वसंगीत बदलायचं आणि विमानवाले एकमेकांकडे बघायचे. आत्या सोफ्यावरून अर्धी उठायची. “म्हणजे आमचे हे खुनी?” यजमानांच्या फोटोकडे हात करून ती मला विचारायची. तिचे यजमान रुमालालासुद्धा इस्त्री करणारे, मित्र नसलेले, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारे, दिवसाकाठी मोजकंच बोलणारे असे होते. मालिकेच्या हिशेबाने त्यांना फाशीच व्हायला हवी होती. “चाळीस वर्षं मी त्यांच्या शेजारी निवांत झोपले, जावईबापू! आणि हे दीडशहाणे मला शिकवतायत?” मी म्हणालो, आत्या, इतका त्रास होतो तर बघू नका ना. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच पट्ट्याने कुणाला तरी मारलंय. “मी नाही बघितलं तर त्यांना सांगणार कोण?” वर रक्तदाब आहेच. डॉक्टरांनी तो रोज मोजायला सांगितलेला. भाग संपल्यावर मी यंत्र घेऊन गेलो की ती दंड पुढे करायची आणि आकडा चढलेला दिसला की तो विमानवाल्यांच्या खात्यावर घालायची. श्रावणात मात्र कांदा-लसूण, मासळी आणि खून हे तिन्ही बंद असायचं. त्या महिन्यात तिचा रक्तदाब आदर्श असायचा आणि ती स्वतः अगदी निस्तेज दिसायची.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण ती मालिका आमच्या इमारतीत आणखी एका माणसाच्या डोक्यात फार खोल गेली, आणि तो माणूस दुर्दैवाने सोसायटीचा सेक्रेटरी होता. नोकरीतून निवृत्त झालेला, मधुमेहामुळे पेढ्याकडे दुरून बघणारा, सज्जन आणि अतिशय रिकामा. सेक्रेटरी प्रत्येक भाग दोनदा बघत. मग ते लिफ्टमध्ये माणसांच्या बुटांकडे बघायला लागले. तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू होता, चाळिशीचा, एकटा. विमानतळावर मालाच्या विभागात शिफ्टची नोकरी, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळा विचित्र. पाठीला काळी मोठी बॅग. कुणी पाहुणा येत नाही, गणपतीच्या आरतीला मागे उभा राहतो, प्रसाद घेतो आणि जातो. दाराबाहेर चपला सरळ रेषेत. सेक्रेटरींनी दोन आणि दोन जोडले, आणि हळूहळू सगळी इमारत त्याच्याकडे पार्श्वसंगीत ऐकू आल्यासारखी बघायला लागली. तो लिफ्टमध्ये आला की बायका काहीतरी विसरल्याची आठवण झाल्यासारखं करून बाहेर पडायच्या. मला याची मनस्वी चीड येते. आमची सोसायटी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहे. मागच्या भिंतीवर बिबट्या येऊन बसतो, त्याचे फोटो लोक कौतुकाने गावी पाठवतात. बिबट्याला कुणी लग्न झालंय का विचारत नाही. पण एक अविवाहित माणूस गुपचूप भाडं देऊन राहतो म्हटल्यावर सगळ्यांनी दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

शेवटी सेक्रेटरींनी कमिटीची सभा बोलावली. खाली गाडीतळावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भाडेकरूचा करार संपत आला होता, आणि तो पुन्हा करू नये असं घरमालकाला कळवायचं, एवढाच विषय होता. सेक्रेटरी उठले, चष्मा काढून हातात धरला आणि थेट त्या विमानातल्या सुरात सुरू झाले, “पुरुष. चाळिशीच्या आसपास. अविवाहित. अबोल. कमालीचा व्यवस्थित...”

“खाली बसा!” आत्या म्हणाली. गुडघ्याच्या पट्ट्यासकट ती खुर्चीतून उठली होती. “व्यवस्थित आहे म्हणून घालवता? मग तुमच्या मुलाला ठेवा की, त्याची मोटरसायकल कायम आडवी असते! त्या पोराने तुमचं काय बिघडवलंय? कुणाच्या अंगावर आलाय? मोठ्याने गाणी लावलीत? कुणाची कुंडी पाडलीय? एका मेल्या मालिकेवरून जित्या माणसाचं घर काढून घेता, लाज नाही वाटत?”

“आत्याबाई, तो खुनी आहे असं मी म्हणत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “पण माणूस कसा आहे हे आपल्याला माहीत नाही ना? खात्री काय?”

“खात्री मी करून देते. माणूस ओळखायला विमान लागत नाही. डबा लागतो.”

हे डब्याचं शास्त्र समजावून सांगायला हवं. कुणाच्या घरून भरलेला डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आत्याने मात्र त्यावर सगळी मनुष्यजात बसवली होती. नवीन बिऱ्हाड आलं की ती डबा पाठवायची आणि तो कसा परत येतो ते बघायची. दुसऱ्याच दिवशी फळ घालून देणारे उतावळे पण दिलदार. आठवडा लावून वड्या करून देणारे मनाने खोल. साखर घालताना हात आखडणारे असतील, तर त्यांच्याशी सांभाळून. आणि रिकामा डबा परत करणारा माणूस कशालाही मागेपुढे पाहणार नाही, असं ती म्हणायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पत्रिका वगैरे बाकीच्यांनी पाहिल्या. आत्याने आमच्या घरी ओल्या काजूची उसळ पाठवली. आईने डबा नारळाच्या वड्यांनी भरून परत केला म्हणून मी आज या घरचा जावई आहे. त्या दिवशी घरात नारळ नसता तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

तर त्या भर सभेत आत्याने जाहीर केलं, की ती तिसऱ्या मजल्यावर डबा पाठवणार, आणि तो रिकामा परत आला तर घरमालकाकडे पहिल्यांदा ती स्वतः जाणार. साखर आली, तर करार पुन्हा व्हायचा आणि त्या पोराकडे कुणी वाकडं बघायचं नाही. सेक्रेटरी पेचात पडले, पण बायकांनी माना डोलावल्या. हे शास्त्र विमानवाल्यांपेक्षा त्यांच्या जास्त ओळखीचं होतं.

काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या घालून मीच तो डबा वर नेऊन दिला. स्टीलचा, झाकणावर यजमानांचं नाव कोरलेला. भाडेकरूने दार उघडलं, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि “माझ्यासाठी?” असं दोनदा विचारलं. मग डबा काही येईना. दिवस जात होते. आत्याने मालिका बघणं बंद केलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराशी यायची. सेक्रेटरी भेटले की विचारायचे, “काय आत्याबाई, डबा?” आणि ती म्हणायची, “वड्या करत असेल.” रात्रपाळी करणारा एकटा पुरुष वड्या करतोय, हे तिलाही पटत नव्हतं. मला मात्र तिच्यापेक्षा त्या माणसाचीच काळजी वाटायची. आपलं घर एका डब्यावर टांगलंय याची त्या बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती, आणि त्याला कुणी सांगायचं नाही असा आत्याचा सक्त हुकूम होता.

एका संध्याकाळी मी तिला डॉक्टरांकडून घेऊन आलो, तर दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आत डबा. खालच्या पायऱ्यांवर सेक्रेटरी उभे. पिशवी त्यांनी आधीच पाहिली होती, पण परक्याची वस्तू उघडण्यातले ते नव्हेत. आत्याने पिशवीतून डबा काढला आणि झाकण बोटभर उचललं. मी तिच्या खांद्याशीच होतो. डबा रिकामा होता. लख्ख, कोरडा, आरशासारखा रिकामा. साखरेचा एक दाणा नाही.

आत्याने झाकण बंद केलं. “साखर आहे,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “वेलची घातलेली.”

जी बाई मालिकेतल्या अधिकाऱ्याने संशयिताला खोटं सांगून बोलतं केलं म्हणून त्या रात्री जेवली नव्हती, ती माझ्या डोळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलली होती. सेक्रेटरी म्हणाले, “वा! बघू तरी.” “दाखवते ना. थांबा तिथेच, बूट घालून आत येऊ नका.” ती आत गेली. ओट्यावर साखरेचा डबा उघडल्याचा आवाज मला आला, आणि तो झाकायला म्हणून मी उगाच जोरात खोकलो. बाहेर येऊन तिने सेक्रेटरींच्या तळहातावर चांगली चमचाभर साखर ठेवली. मधुमेह असूनही त्यांनी ती तोंडात टाकली आणि थोडा वेळ घोळवली.

“वेलची लागत नाही, आत्याबाई.”

“तुमच्या जिभेला काय लागतंय आता? औषधं खाऊन खाऊन चव गेलीय तुमची.”

सेक्रेटरींनी तळहात झटकला. मान हलवून खाली गेले. करार पुन्हा झाला.

दार लावून आत्या खुर्चीत बसली, डबा मांडीवर. मला वाटलं, आता त्या भाडेकरूचा उद्धार होणार. तिने झाकण काढून डब्याच्या कडेच्या आतून बोट फिरवलं. “बघा, जावईबापू. कडेच्या खाचेतसुद्धा घासलाय. झाकणाच्या आतून पुसलाय. इतका जपून डबा माझ्याकडे कधी कुणी परत केला नव्हता. ह्याला द्यायचं नव्हतं असं नाही हो. ह्याला ठाऊकच नाही. ह्याला आजवर कुणी डबा दिलाच नसेल. दिलाच नाही, तर परत कसा करायचा हे त्याला कुठून कळणार?” आणि इतके दिवस विमानवाल्यांवर कडाडणारी ती बाई डबा धरून रडायला लागली. मी यंत्र आणायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती पट्टा बांधून तिसऱ्या मजल्यावर चढली आणि दार उघडताच त्याच्यावर कोसळली, “रिकामो डबो परत देतत काय रे मेल्या?” तिच्या तोंडून मालवणी बाहेर पडली म्हणजे समोरचा आपला झाला, हे त्या माणसाला कळायला वेळ लागला, तो घाबरून हात जोडून उभा राहिला. वसतिगृहात वाढला होता, पुढे खानावळीत जेवला. भांडं घासून द्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्यानंतर मात्र त्याने डबे परत करण्यात ताळतंत्र सोडलं. कधी खारे शेंगदाणे, कधी डबाभर बदाम, एकदा तर नवा कोरा टॉवेल घडी करून घातलेला. “डब्यात टॉवेल घालतात? ह्याला कुणी काही शिकवलंच नाही!” असा व्हॉइस मेसेज चुकून सगळ्या ग्रुपवर गेला. सुट्टीच्या दुपारी तो तिच्याकडे मालिका बघायला यायचा. आमच्या इमारतीचा हा खतरनाक माणूस रक्त दिसलं की उशी तोंडावर घ्यायचा आणि विचारायचा, “आत्या, झालं का? संपलं का?” आणि ती विमानवाल्यांवर ओरडता ओरडता त्याला सांगायची, “थांब रे, अजून एकजण मरायचाय.”

आत्या गेली ती अशाच एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला काही त्रास न देता. तिच्या स्वभावाला हे अजिबात शोभलं नाही. चांगलं दहा जणांना फैलावर घेऊन जायची ती. मला अजून त्याचा राग येतो. घरात पंखा चालू असतो आणि तो बंद करायला कुणी उठत नाही.

दिवसपाणी आटोपल्यावर एका संध्याकाळी भाडेकरू आमच्या दाराशी आला. हातात यजमानांच्या नावाचा डबा. शेवटचा डबा त्याच्याकडेच राहिला होता. बायकोने झाकण उघडलं. आत साखर होती, वर कुटलेली वेलची.

“आत्या नेहमी म्हणायच्या,” तो खाली बघत म्हणाला, “‘पहिल्या वेळेला तू वेलची घातलेली साखर दिलीस, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय. एकदा तरी ते खरं कर रे मेल्या, नाहीतर मी खोटारडी ठरेन.’ मला वाटायचं, साखर काय, कधीही देता येईल. काहीतरी चांगलं देऊ.”

बायकोने वाटीत थोडी साखर काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, खाली देऊन या. सेक्रेटरींनी दारातच तळहात पुढे केला. साखर तोंडात टाकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आज लागतेय हो वेलची,” ते म्हणाले.

मी मान हलवली आणि रिकामी वाटी घेऊन वर निघालो. तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं, आत गेले, आणि वाटीत चार बेदाणे घालून ती माझ्या हातात दिली.